पादचारी पुलावरची बाग: आधी वजन, मग पाणी, झाडं शेवटी

पुलावर बाग करायची ठरली की लगेच झाडांची यादी निघते. ती बाजूला ठेवा. पादचारी पूल गर्दीसाठी दर चौरस मीटरला साधारण ५०० किलो धरून बांधतात. भिजलेली बागेची माती घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे ३० सेंमीचा थर ५४० किलोचा. माणसांच्या वाट्याचं वजन एकट्या मातीनेच खाल्लं. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर, म्हणजे जुन्या उन्नत रेल्वेपुलावरच्या बागेत, मोठी झाडं आहेत हे खरं, पण तो पूल १९३४ मध्ये मालगाड्यांसाठी उभा राहिला. आपल्या स्कायवॉकला तो हिशोब लागू होत नाही.

म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भिजलेल्या वाफ्याचं मान्य वजन लेखी घ्या. जड वाफे खांबांच्या डोक्यावर, हलके दोन खांबांमधल्या गाळ्यावर. एक्स्पान्शन जॉइंटवर, म्हणजे पुलाच्या हालचालीसाठी सोडलेल्या सांध्यावर, वाफा अजिबात नको. पूल हलतो, वॉटरप्रूफिंग फाटतं.

मातीऐवजी हलकं मिश्रण आकारमानाने असं घ्या: ३ ते ८ मिमी विटांचा चुरा ४० टक्के, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३०, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) १५, कुजलेलं कंपोस्ट १५. तळाला भोकं पाडलेली १० लिटरची बादली काठोकाठ भरा, पूर्ण भिजवा, तासभर निथळू द्या आणि तोला. बादली वजा जाता ११ ते १२ किलो भरलं तर ठीक. जास्त असेल तर चुरा कमी करा. नुसतं कोकोपीट स्वस्त आणि हलकं पडतं, पण ते कुजून खाली बसतं आणि मुळं उघडी पडतात.

थर खालून वर: १:१०० उतार, वॉटरप्रूफिंग, १ मिमी एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) मूळरोधक पडदा, २० ते ३० मिमी ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे पोकळ प्लास्टिकचे तुकडे), जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग मिश्रण. वॉटरप्रूफिंग झाल्यावर २५ मिमी पाणी ४८ तास तुंबवून पुलाखालून ओल तपासा. ही चाचणी घाईत गाळली तर गळती शोधायला नंतर सगळी बाग उपसावी लागते.

मुंबई-कोकणात खरी परीक्षा पावसाची. तासाला १०० मिमी पाऊस म्हणजे ३०० चौरस मीटरवर ३०,००० लिटर. प्रत्येक वाफ्याला किमान दोन निचरा-तोंडं हवीत, म्हणजे एक तुंबलं तरी दुसरं चालतं. त्यांवर उघडता येणारी जाळीची पेटी बसवा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पेटी हाताने साफ करा.

आता झाडं. १५ सेंमी खोल मिश्रणात रिओ, ऑफिसटाइम. ३० ते ४५ सेंमीत कोरांटी, अबोली, तगर, एक्झोरा. चाफा फक्त खांबावर, ७५ सेंमी खोलीत. वाऱ्यात तो कलंडू नये म्हणून मुळांचा गोळा पट्ट्याने वाफ्याच्या तळाशी अंथरलेल्या जाळीला बांधा. बोगनवेल कठड्याच्या बाहेरच्या अंगाला सोडा, काटे वाटेवर नकोत. बांबू टाळाच, त्याचे कोंब पडदा भेदतात. लावणी पहिल्या दमदार सरींनंतर करा, वर काथ्याची जाळी अंथरा, नाहीतर परलाइट तरंगून वाहून जातं.

ठिबकला ३० सेंमीवर नळ्या आणि ३० सेंमीवरच तासाला २ लिटरचे ड्रिपर ठेवले की चौरस मीटरला सुमारे ११ ड्रिपर येतात. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ आठ-आठ मिनिटं पुरतात, म्हणजे दिवसाला साधारण सहा लिटर. उथळ वाफा एका दुपारीही वाळतो, पण एकदाच भरपूर पाणी दिलं तर बरंचसं निचऱ्यातून निघून जातं.

वड, पिंपळ, उंबर कोणी लावत नाही, पक्षी लावतात. पावसाळ्यानंतर दर महिन्याला कठडे आणि सांधे पाहा आणि रोप दोन-चार पानांचं असतानाच मुळासकट उपटा. नुसतं छाटलं तर ते पुन्हा फुटतं आणि मूळ काँक्रीटच्या भेगेत जाड होत राहतं.