हॉटेलसारखं चिकन: मीठ आदल्या रात्री, सॉस त्याच पॅनमध्ये

हॉटेलातल्या चिकनची चव मसाल्यापेक्षा मीठ लावण्याच्या वेळेवर जास्त ठरते. ब्रेस्टच्या तुकड्यांना आदल्या रात्रीच मीठ चोळा (किलोला साधारण १५ ग्रॅम) आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात न झाकता ठेवा. मीठ आत मुरतं, वरचा भाग कोरडा होतो आणि रंग छान धरतो.

पॅन नीट तापला की तेल, मग चिकन. चार-पाच मिनिटं हलवू नका. खरपूस झालं की ते आपणहून सुटतं. जाड भागात ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवा. थर्मामीटर घ्याच, अंदाजपंचे शिजवलं तर बहुधा चिवट होतं.

चिकन पाच मिनिटं ताटलीत मुरू द्या, तेवढ्यात सॉस. पॅनच्या बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड टाकायची नाही, सगळी मजा तिच्यातच आहे! अर्धी वाटी स्टॉक (चिकनची हाडं उकळून गाळलेलं पाणी) ओतून ती उलथण्याने सोडवा, स्टॉक निम्मा आटवा. गॅस बंद करा आणि मगच फ्रीजमधलं गार लोणी दोन चमचे घालून ढवळत राहा. उकळत्या सॉसमध्ये घातलं तर लोणी फुटतं, तेल वर तरंगतं. ताटलीत साचलेला रस आणि थोडं लिंबूही त्यातच. मीठ मात्र चाखूनच. स्टॉक बहुधा आधीच खारट असतो.