अंदमानात बिऱ्हाड हलवताना महिन्याचा खर्च कसा बांधावा

बदली झाली म्हणून किंवा पर्यटनाच्या धंद्यात उतरायचं म्हणून पोर्ट ब्लेअरला (2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) राहायला जाणारे बहुतेकजण पुण्या-ठाण्याच्या घरखर्चावर सरसकट वीस टक्के चढवून मोकळे होतात. हा हिशेब दोन्हीकडून फसतो. मासे, नारळ, केळी आणि पेट्रोल यांवर तुम्ही अंदाजापेक्षा कमी खर्च करता. भाजी, दूध, पाणी साठवणं आणि मुख्य भूमीवर ये-जा यांवर कितीतरी जास्त.

कारण साधं आहे. कांदा-बटाट्यापासून सिमेंटपर्यंत बहुतेक माल चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून येतो. यातलं कुठलंही बंदर हजार-बाराशे किलोमीटरच्या आत नाही आणि जहाजाला साधारण तीन-चार दिवस लागतात. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की जहाज थांबतं आणि बाजारातला भाव त्याच आठवड्यात उडतो. म्हणून महिन्याचं एकच बजेट न करता दोन करा: एक नेहमीचं, दुसरं जहाज लांबलेल्या महिन्याचं. दुसऱ्यात भाजीचा आकडा दीडपट ते दुप्पट धरा. मे महिना आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ, तेव्हा हे दुसरं बजेट हाताशी हवं.

घर बघताना भाड्याच्या आधी पाण्याची टाकी बघा. शहराला मुख्यतः धनीखारी धरणातून पाणी मिळतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये धरण खाली जातं आणि नळ दोन-तीन दिवसांआड येतो. माणशी रोज 70 लिटर धरलं तर चौघांना तीन दिवसांसाठी 840 लिटर लागतात. म्हणजे फक्त तुमच्या घरासाठी 1000 लिटरची टाकी ही किमान गरज झाली. ती तीन भाडेकरूंत सामाईक असेल तर घर स्वस्त का आहे ते समजून घ्या; वाचलेलं भाडं उन्हाळ्यात टँकरवाल्याच्या खिशात जातं. घरमालकाला नेमकं विचारा: नळ किती वाजता येतो, विहीर आहे का, पंपाचं बिल कोण भरतं. शक्यतो वरचा मजला पत्र्याचा नसावा. दिवसभर तापलेला पत्रा रात्री एसी लावायला लावतो.

विजेचं म्हणाल तर बहुतेक वीज डिझेल जाळून होते. ग्राहकाला ती सवलतीत मिळते, पण वापर वाढेल तसा युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. (दर ठरवणारा संयुक्त आयोग गोव्याचाही आहे, त्यामुळे गोवेकरांना बिलाची मांडणी ओळखीची वाटेल.) दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. रात्री आठ तास लावला की महिन्याला 240 युनिट त्याचेच, आणि घरातलं बाकीचं सगळं वरच्या टप्प्यात ढकललं जातं. 75 वॅटचे जुने पंखे काढून 30-35 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावणं इथे लवकर वसूल होतं, कारण पंखा वर्षभर चालतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: घड्याळ आपलंच असलं तरी बेटं फार पूर्वेला आहेत. पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास अंधार पडतो. मुंबईपेक्षा दिवे तासभर आधी लागतात आणि ताजी मासळीही सकाळी लवकरच घ्यावी लागते.

आता स्वयंपाकघर. सुरमई, टूना, तारली असे मासे मुबलक, त्यामुळे मत्स्याहारी घराचं बजेट सावरतं. शुद्ध शाकाहारी घराने मात्र भाजीचा आकडा सढळ धरावा. स्थानिक भाजी उत्तर अंदमानातल्या डिगलीपूरहून आणि शहीद द्वीप (जुनं नाव नील) या बेटावरून येते. पावसाळ्यात ती कमी होते. जहाज लागल्यावर दोन-तीन दिवसांत कांदे-बटाटे घ्या, पण दहा दिवसांपुरतेच. दमट हवेत कांदा आतून सडतो आणि बटाट्याला कोंब फुटतात, त्यामुळे स्वस्त मिळालेली गोणी शेवटी महागात पडते.

ताजं दूध कमी आणि महाग, म्हणून बरीच घरं दुधाच्या पावडरीवर चालतात. एक लिटर दुधाला सुमारे 125 ग्रॅम पावडर लागते. किलोच्या भावाला आठाने भागा, की लिटरचा दर निघाला. तो पिशवीच्या दुधाशी ताडून मगच ठरवा. दह्याला पावडर चालते. थोडं घट्ट कालवायचं.

ज्वारी, बाजरी, कोकम, गोडा मसाला मुख्य भूमीवरून न्यावेत. ज्वारीचं पीठ मात्र नेऊ नका. दमट हवेत ते लवकर कडू होतं आणि भाकरी थापताना तुटते. धान्य न्या आणि जमल्यास छोटी घरघंटी, आठवड्यापुरतंच दळा. शेंगदाणे कच्चे ठेवले तर बुरशी धरते, म्हणून भाजून हवाबंद डब्यात भरा. बुरशीचा वास आला तर निवडत बसू नका, सगळे टाकून द्या. डाळी जानेवारी ते मार्चच्या कडक उन्हात वाळवून ठेवल्या की मे महिन्याचा पाऊस काढतात.

सामान हलवताना प्लायवूड-पार्टिकल बोर्डचं फर्निचर विकून टाका. ओलाव्याने ते फुगतं आणि स्क्रू सुटतात. स्टेनलेस स्टील, प्लास्टिक आणि कपडे चालतात. साध्या लोखंडी कपाटाला खारी हवा वर्षभरात गंज चढवते. पुस्तकं-भांडी जहाजाने कंटेनरमधून पाठवा आणि पोचायला काही आठवडे धरा, म्हणजे पहिल्या महिन्याची गादी, कुकर, बादल्या वेगळ्या न्याव्या लागतात. कुरिअरने पाठवायचं असेल तर खोका मोजा: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000, म्हणजे आकारणीचं वजन किलोत निघतं. 60 × 45 × 40 चा खोका आत उशा असल्या तरी 21.6 किलोचा धरला जातो. बॅटरी, स्प्रे, अत्तर विमानाच्या कुरिअरने सहसा जात नाहीत. ऑनलाइन मागवलेल्या अशा वस्तू बहुधा रद्द होतात किंवा जहाजाने उशिरा येतात.

दुचाकी नेण्यात अर्थ आहे. शहर चढ-उताराचं आहे आणि कर कमी असल्याने पेट्रोल देशातल्या सर्वांत स्वस्तांपैकी. 2024 मध्ये लिटरला 82 रुपयांच्या घरात होतं. निघण्याआधी आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्या. साखळी आणि नट-बोल्टला महिन्यातून एकदा तेल द्या, नाहीतर वाचलेला पैसा गॅरेजात जातो.

बेटांमधल्या सरकारी बोटींना दोन भाडी असतात: आयलँडर कार्ड असलेल्यांना कमी, बाकीच्यांना जास्त. हे कार्ड दीर्घकाळच्या रहिवाशांचं. नवख्याला मिळत नाही. शेजारी सांगेल तो दर त्याचा असतो, तुमचा चढाच धरा. खाजगी क्रूझ त्याहून महाग, आणि समुद्र खवळला तर त्याही रद्द होतात.

शेवटची तरतूद वेगळ्या खात्यात ठेवा. जी. बी. पंत हे मुख्य सरकारी रुग्णालय. गंभीर रुग्णाला अनेकदा चेन्नई-कोलकात्याला न्यावं लागतं. त्यासाठी ऐनवेळच्या विमानभाड्याने घरातल्या दोघांची जाऊन-येऊन तिकिटं आणि पंधरा दिवस राहण्याचा खर्च, एवढी रक्कम तिथे पोचण्याआधीच बाजूला काढलेली हवी. आरोग्य विम्याच्या यादीत त्या दोन शहरांमधली रुग्णालयं आहेत ना, ते निघण्यापूर्वी तपासा.