पालक मंडळ राष्ट्रीय संघटनेतून बाहेर काढताना

आधी एक गोंधळ मिटवू. प्रत्येक खासगी शाळेत असतो तो शिक्षक-पालक संघ महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने बनतो. त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडली जाते, त्याच्या बाबतीत बाहेर पडण्याचा प्रश्नच नाही. इथे विषय आहे तो पालकांनी आपणहून काढलेल्या आणि देशपातळीवरच्या संघटनेची शाखा असलेल्या मंडळाचा. पुण्यात अशा तीन मंडळांचं हे काम मी केलं आहे.

संघटनेची घटना मिळवा, शाखेने बाहेर पडण्याचं कलम वाचा, थकलेली वर्गणी भरा.

आता पैसा. पहिल्या वेळी आम्ही उत्साहात आधी ठराव केला आणि मग खात्याचं नाव बदलायला बँकेत गेलो. खातं मुख्यालयाच्या पॅनवर उघडलेलं होतं, म्हणजे कागदोपत्री ते आमचं नव्हतंच. मुख्यालयाने बँकेला पत्र दिलं, व्यवहार थांबले आणि गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी जमवलेले पैसे जूनपासून दिवाळीपर्यंत अडकून पडले. त्या मुलांच्या आयांना काय सांगायचं, हे मला आजही सुचत नाही.

अशा वेळी हमखास कोणीतरी सुचवतं, "रक्कम काढून खजिनदाराच्या खात्यात ठेवा." हे अजिबात करू नका. अपहाराची तक्रार झाली तर ती त्या एकट्या माणसावर येते, आणि सल्ला देणारा तेव्हा जामीन राहत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी नवी संस्था, मग ठराव. किमान सात पालक, वेगळं नाव, नियमावली आणि पत्त्याच्या जागामालकाचं संमतीपत्र घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. नोंदणी दोन कायद्यांखाली लागते: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. वेळ लागतो, तो लागू द्या. मग संस्थेचा स्वतःचा पॅन, स्वतःचं खातं. तोवर जुन्या खात्यात नवी वर्गणी घेणं बंद.

जुन्या शिल्लकीचे दोन भाग करा. विशिष्ट कामासाठी जमवलेले पैसे त्याच कामावर खर्च करा आणि बिलं फाइलला लावा. उरलेले कोणाचे, ते घटनेत पाहा. मुख्यालयाचे असतील तर चेकने द्या आणि पावती घ्या. पाच-दहा हजारांसाठी वर्षभर भांडलेली मंडळं मी पाहिली आहेत. त्या वर्षात मुलांसाठी एकही कार्यक्रम झाला नाही.

मग सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेत "संलग्नता सोडणे" असं स्पष्ट छापा. "आयत्या वेळचे विषय" मध्ये हा ठराव घेतला, तर उद्या कोणीही त्यावर हरकत घेईल, आणि ती हरकत रास्तच असेल.

मुख्याध्यापकांना पत्र द्या. जुनं बोधचिन्ह वापरणं थांबवा. शिक्का आणि उरलेली पावतीपुस्तकं, कोऱ्या पावत्यांचे क्रमांक लिहून, स्पीड पोस्टाने मुख्यालयाला परत करा.