युरोपातली फंडेड पीएचडी: जाहिरात यायच्या आधीच शोधा

सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना युरोपातल्या पगारी पीएचडीच्या जाहिराती दिसतात तेव्हा शेवटचे आठ-दहा दिवस उरलेले असतात, मग सीव्ही, रेफरन्स लेटर सगळीच पळापळ.

त्यापेक्षा उलटं करा. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क (मेरी क्युरी योजनेचं इंग्लिश लघुरूप एमएससीए) म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशावरचे प्रोजेक्ट, एकेका प्रोजेक्टमध्ये बऱ्याचदा दहा-पंधरा पीएचडीच्या जागा, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट आणि पगार, भारतीयांनाही चालतं. आणि हे प्रोजेक्ट मंजूर झाले की कॉर्डिस या युरोपियन युनियनच्या सरकारी साइटवर त्यांची माहिती येते, बरेचदा जागा निघायच्या आधीच.

१. कॉर्डिसवर इंग्लिशमध्ये 'एमएससीए डॉक्टरल नेटवर्क्स' आणि आपला विषय टाका, उदा. बॅटरी, कॉंक्रीट, फोटोनिक्स.
२. सुरू व्हायची तारीख पुढची किंवा नुकतीच गेलेली आहे तेवढेच प्रोजेक्ट ठेवा, जुन्यांच्या जागा बहुतेक भरलेल्या असतात.
३. पानावर खाली सगळ्या युनिव्हर्सिट्या आणि कंपन्यांची यादी असते, तिथून आपल्या विषयाचे प्रोफेसर काढा आणि चार ओळींचा मेल टाका की भरती कधी आहे. बायोडेटाचं पुराण नको!
४. युरॅक्सेस या युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांच्या साइटवर त्याच विषयाचा जॉब अलर्ट लावा, या जागांची जाहिरात तिथे द्यावीच लागते.

एक बघून घ्या, भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त ज्या देशात राहिलात किंवा मुख्य काम केलंत तिथली जागा मिळत नाही, म्हणजे जर्मनीत नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्याने जर्मनी सोडून बाकी देश बघायचे.