निःस्वार्थी होण्यासाठी प्रार्थना करताय? मग या चुका टाळा

येशुआला (येशूला) मसीहा मानणाऱ्या, तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचणाऱ्या, शब्बात (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या, म्हणजे मेसियानिक लोकांकडून एक तक्रार कायम ऐकू येते, की इतकी वर्षं प्रार्थना करतोय, विश्वास पण खरा आहे, तरी स्वार्थ काही कमी होत नाही, घरात चिडचिड तीच, कोणी मदत मागितली की मनात आधी हिशोब सुरू. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा प्रॉब्लेम विश्वास कमी पडण्याचा नसतो, प्रार्थनाच फिरून फिरून स्वतःपाशी येऊन थांबत असते. कुठे कुठे ते होतं आणि काय करता येतं ते बघूया.

सगळी प्रार्थना "मला, माझं, माझ्यासाठी"

ही सगळ्यात कॉमन चूक आणि सगळ्यात खोल पण, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो. आपण म्हणतो देवा मला नम्र कर, मला प्रेमळ कर, माझा स्वार्थ काढून टाक. मागणं चांगलंच आहे, पण त्यात दुसरा माणूस कुठेय? आता सिद्दूर, म्हणजे यहुदी प्रार्थनापुस्तक, उघडून बघा. अमिदा या रोज उभं राहून म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत 19 आशीर्वाद आहेत, मधल्या 13 मध्ये मागण्या आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मिळून आहेत, आम्हाला समज दे, आम्हाला क्षमा कर, आम्हाला बरं कर. बरं करण्याची ओळ तर यिर्मया 17:14 मधून आलीय, तिथे संदेष्टा एकटा स्वतःसाठी ओरडतोय की मला बरं कर, आणि प्रार्थनेत घेताना तीच ओळ सगळ्यांची झाली. येशुआने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना (मत्तय 6) पण तशीच, आमच्या पित्या, आमची रोजची भाकर, आमची ऋणं, त्यात "मी" एकदाही येत नाही.

यावर उपाय असा की जे स्वतःसाठी मागताय तेच, त्याच गरजेत असलेल्या दुसऱ्या माणसासाठी नाव घेऊन आधी मागा. स्वतःची नोकरी गेलीय तर ओळखीतल्या ज्याची गेलीय त्याचं नाव पहिलं. तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) बावा कम्मा या भागात पान 92 वर रब्बी म्हणतात की स्वतःला तीच गरज असताना जो दुसऱ्यासाठी दया मागतो त्याला आधी उत्तर मिळतं, आणि पुरावा देतात ईयोब 42:10 चा, ईयोबाने मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा परमेश्वराने त्याची स्थिती पालटली. आणि हे मित्र कोण, तर तो सगळं गमावून बसलेला असताना तुझंच काहीतरी पाप असणार म्हणून त्याच्याशी वाद घालणारे! फक्त याचा फॉर्म्युला करू नका, की त्याच्यासाठी मागतो म्हणजे माझं लवकर होईल, कारण मग त्या माणसाचं नाव फक्त आपलं काम करून घ्यायला वापरलं जातं.

मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात (बराखोत 9:3), एक उदाहरण आहे ते मला फार लागतं. माणूस वाटेने येतोय, गावातून आरडाओरडा ऐकू येतो आणि तो म्हणतो, हे माझ्या घरात नसू दे. मिश्ना म्हणते ही व्यर्थ प्रार्थना आहे. कारण असं की जे घडायचं ते घडून गेलंय. मला त्यात अजून एक गोष्ट दिसते, माझं घर नसेल तर कुणाचं तरी आहेच ना, आणि त्या घरासाठी मागायचं आपल्याला सुचलंच नाही.

प्रार्थना केली म्हणजे काम झालं असं समजणं

"प्रार्थनेत आठवण ठेवतो" असा मेसेज टाकला की आपल्याला हलकं वाटतं आणि विषय संपतो. याकोब 2:15-16 मध्ये हेच तर आहे, उघड्या उपाशी भावाला म्हणायचं सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा, आणि द्यायचं काहीच नाही. योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताचा, उपासाचा दिवस) सकाळी सिनेगॉगमध्ये (यहुदी सभास्थानात) यशया 58 वाचला जातो, म्हणजे ऐन उपासाच्या दिवशी लोकांना ऐकवलं जातं की मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं. आमेन म्हणायच्या आधी एवढंच विचारा की आत्ता मी जे मागितलं त्यातलं माझ्या हातात काय आहे, आणि ते आजच करा, फोन असेल, पैसे असतील, कुणाच्या मुलांना दोन तास सांभाळणं असेल.

माणसाला टाळून थेट देवाशी मिटवून टाकणं

दुखावलं बायकोला आणि माफी मागितली देवाची, ती बिचारी अजून वाट बघतेय. मिश्ना (योमा 8:9) स्वच्छ सांगते की माणसा-माणसातल्या अपराधांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करत नाही, जोपर्यंत तुम्ही त्या माणसाची समजूत घालत नाही. येशुआ मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीसमोरच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. यहुदी परंपरेतही एलूल महिन्यात (नवीन वर्षाच्या आधीचा महिना) आणि नवीन वर्षापासून योम किप्पूरपर्यंतच्या दहा दिवसांत लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात.

माफी मागताना "पण तू पण तेव्हा..." हे शेपूट जोडू नका, तिथेच सगळं बिघडतं. समोरच्याने नाही माफ केलं तर? रॅम्बमने (मध्ययुगातले मोठे रब्बी मैमोनिडीस) नियम घालून दिलाय की तीनदापर्यंत जा, सोबत लोकांना घेऊन जा, त्यानंतरही तो नाहीच म्हणाला तर त्याला सोडा, आता दोष त्याच्याकडे. मला हा नियम खूप दयाळू वाटतो, कारण माफी मागणाऱ्यालाही कुठेतरी थांबायला जागा मिळते.

दुसऱ्यांसाठी स्वतःला झिजवून टाकणं

मनापासून विश्वास ठेवणारी माणसंच इथे जास्त अडकतात आणि त्यांचं मला खरंच वाईट वाटतं. सगळ्यांना हो म्हणायचं, झोप नाही, जेवण नाही, आणि आतून हळूहळू सगळ्यांचा राग यायला लागतो, मग त्या रागाबद्दल पुन्हा अपराधी वाटतं. निर्गम 18 वाचा, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलाय आणि इथ्रो, त्याचा सासरा, तोंडावर सांगतो की हे तू बरं करत नाहीस, तू पण गळून जाशील आणि हे लोक पण, काम वाटून दे. येशुआ शिष्यांना, ज्यांना जेवायलाही सवड नव्हती, एकांतात जाऊन थोडी विश्रांती घ्या म्हणतो (मार्क 6:31). लेवीय 19:18 मध्ये शेजाऱ्यावर *स्वतःसारखी* प्रीती कर असं आहे, म्हणजे स्वतःची काळजी त्यात धरलेलीच आहे. आणि गलती 6 मध्ये एकमेकांची ओझी वाहा (वचन 2) आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा (वचन 5) ही दोन्ही वाक्यं जवळजवळ आहेत, दोन्ही पाळायची आहेत. दुसऱ्याचा भार कायमचा आपण उचलत राहिलो तर तो माणूस कधी उभाच राहत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगतो, कुणी मारहाण करत असेल, छळत असेल तर ते सहन करत राहणं म्हणजे निःस्वार्थीपणा नाही. तिथून बाहेर पडा, मदत मागा, प्रार्थना बाहेर पडून पण करता येते.

बाकी शब्बात आहेच. आठवड्यातून एक दिवस काम थांबवलं की आपल्याशिवायही जग चालतंय हे दिसतं, आणि "सगळं माझ्यावरच आहे" हा अहंकार असाच सुटत जातो.

लोकांना दिसावं म्हणून देणं ही अजून एक चूक, तिच्याबद्दल मत्तय 6:1-4 (दान गुप्तपणे द्या) पुरेसं आहे. प्रॅक्टिकल पाहिजे तर रॅम्बमच्या दानाच्या आठ पायऱ्या बघा, सगळ्यात खाली कुरकुरत देणारा, आणि सगळ्यात वर तो जो माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याला पुन्हा मागायची वेळच येऊ देत नाही.

"आम्ही जास्त बरोबर" हा गर्व

ही आपल्या मेसियानिक लोकांची खास चूक. चार हिब्रू प्रार्थना पाठ झाल्या, सण पाळायला लागलो, की चर्चला जाणारा भाऊ कमी वाटायला लागतो, आणि उलट बाजूने तोरा पाळणारा माणूस कुणाला नियमात अडकलेला वाटतो. पौलाने रोम 11:18 मध्ये, इतर राष्ट्रांतल्या विश्वासणाऱ्यांना जैतुनाच्या झाडावर कलम केलेली फांदी म्हणत, मूळच्या फांद्यांसमोर, म्हणजे यहुद्यांसमोर, फुशारकी मारू नका म्हणून सांगितलं, तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला देतं. हाच पौल रोम 9:3 मध्ये आपल्या यहुदी बांधवांसाठी स्वतः मसीहापासून तोडला जायला तयार होतो, आणि मोशे निर्गम 32:32 मध्ये लोकांना क्षमा कर नाहीतर तुझ्या पुस्तकातून मला खोडून टाक म्हणतो. ज्यांच्याशी वाद चाललाय त्यांच्यासाठी आज प्रार्थना झाली का? नसेल तर वाद थोडे दिवस बाजूला ठेवा.

एवढं करूनही अडत असेल तर

प्रार्थना कोरडी वाटतेय, काही जाणवत नाही: जाणवायची वाट बघू नका, लिहिलेली प्रार्थना वाचा, शमा ("हे इस्राएल, ऐक" ही प्रार्थना) म्हणा, ज्यांची नावं द्यायची ती द्या आणि उठा. भावना मागून येते, कधी येतही नाही, तरी त्या माणसासाठी मागितलेलं वाया जात नाही.

आपण किती बदललो हे सारखं तपासताय: थांबवा. लूक 18 मधला परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या गटातला माणूस) देवळात हाच तपास करत उभा होता, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्याचा दशांश, आणि शेजारच्या जकातदाराशी तुलना. फिलिप्पै 2:13 प्रमाणे इच्छा आणि कृती दोन्ही देवच आपल्यात घडवतो, तर मोजदाद त्याच्याकडे राहू दे.

ज्याच्यासाठी मागायचंय त्याचाच राग येतोय: राग देवाला सांगा, स्तोत्रांमध्ये भरपूर राग आहे, लाजू नका. मग योहान 13 सावकाश वाचा, येशुआने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा अजून तिथेच होता, त्याचेही पाय धुतले गेले. त्यानंतरही त्या माणसाला आशीर्वाद द्यायला तोंड उघडत नसेल तर फक्त त्याचं नाव घ्या आणि थांबा, उद्या परत घ्या. मोठी वाक्यं नंतर येतील.