बाळाचं नाव आयुष्मान योजनेत कसं घालावं: इंदूरकरांसाठी

घरात मोठ्यांची आयुष्मान कार्डं असतात आणि बाळाचं तेवढं राहून जातं. आजारपण आलं की मग दवाखाना आणि झोन कार्यालय अशा चकरा सुरू होतात. हे काम मूल धडधाकट असतानाच उरकावं.

या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा भरती-उपचार मोफत मिळतो. मध्य प्रदेशात खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असतो, कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. माणसं किती किंवा वय किती, याची अट नाही. मात्र कुटुंब आधीपासून पात्र यादीत हवं.

सुरुवात जन्म दाखल्यापासून करा. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. बारसं व्हायच्या आधीच दाखला काढला असेल, तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. वर्षाच्या आत नाव घातलं तर शुल्क लागत नाही.

दाखला हाती आला की बाल आधार काढा. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात आणि आई किंवा वडिलांचे ठसे लागतात. त्यानंतर महापालिकेच्या झोन कार्यालयातून समग्रमध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणी पोर्टलवर, बाळाची नोंद करा. कुटुंबाचा समग्र आयडी 8 अंकी आणि सदस्याचा 9 अंकी असतो. बाळाला हा 9 अंकी आयडी मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

बहुतेक अर्ज नावापाशी अडकतात, आणि आपल्या मराठी घरांत तर जरा जास्तच. दाखल्यावर ‘आरव सचिन कुळकर्णी’, आधारवर ‘आरव कुलकर्णी’ आणि समग्रमध्ये नुसतं ‘आरव’ असं असलं, तर जुळणी होत नाही आणि अर्ज परत येतो. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही, आडनावात ‘ळ’ की ‘ल’, हे जन्म दाखल्याच्या वेळीच ठरवा आणि तिन्ही कागदांवर अक्षरन् अक्षर तेच ठेवा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा एकच हवं.

कागद जुळले की आयुष्मान ॲपमध्ये राज्य आणि जिल्हा निवडून आपलं कुटुंब शोधा. सदस्य जोडण्याच्या पर्यायात बाळाचा आधार क्रमांक टाका, नातं निवडा आणि जन्म दाखल्याचा स्पष्ट फोटो जोडा. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. नंबर बंद पडला असेल तर तो आधी आधार केंद्रावर बदलून घ्या.

मधल्या काळात तान्ह्या बाळाला भरती करावं लागलं तर थांबू नका. आईचं किंवा वडिलांचं कार्ड आणि जन्माचा कागद घेऊन रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडे, म्हणजे या योजनेचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जा. भरती होतानाच कार्ड दाखवा. बिल आधी खिशातून भरलं तर ते परत मिळवणं फार कठीण जातं.

नुसती ओपीडीची फी यात बसत नाही. भरतीआधीचे 3 दिवस आणि सुटीनंतरचे 15 दिवस औषधं आणि तपासण्या मात्र पॅकेजमध्येच येतात, त्यामुळे घरी निघताना औषधं मागून घ्या. योजनेतल्या उपचारासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर 14555 वर तक्रार नोंदवा.

कुटुंब यादीत नसेल तरी वाट बंद नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, जन्मजात हृदयदोष अशा दोषांचा उपचारही त्यातून होतो. त्यासाठी तपासणी करणारं पथक कोणत्या तारखेला येणार, ते अंगणवाडीत विचारा.