ए, बी, सी आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे

रिमोटच्या गाडीत ब्रशलेस ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी) पहिल्यांदा लावताय? मग पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) अजून मोटरवर चढवू नका. सोल्डरिंग झालं, रिसीव्हर जोडला, बॅटरी भरली, हात शिवशिवतायत, कळतं मला. तरी पहिल्यांदा मोटर मोकळीच फिरवायची. ३००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३००० फेरे घेणारी) मोटर ७.४ व्होल्टला मिनिटाला बावीस हजारांच्या आसपास फेरे घेते. गाडी साबणाच्या डब्यावर उचलून ठेवली तर चालेल असं वाटतं, पण थ्रॉटल उलटं बसलेलं असलं की ती डब्यावरून उडी मारून थेट कपाटाखाली जाते. माझी गेली होती.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे ईएससीला रिमोटच्या ट्रिगरची टोकं शिकवण्याचा, लोक उगाच बाऊ करतात. रिमोटचा ट्रिम शून्यावर, एंड पॉइंट १०० टक्के, आणि स्वस्त रिमोटवर वेग आवळायची जी ५०-७०-१०० ची घुंडी असते ती १०० वर. माझ्या हॉबीविंग कंपनीच्या ईएससीला सेट बटण दाबून धरून ईएससी चालू करायचा, लाल दिवा लुकलुकला की बोट काढायचं. मग न्यूट्रलला एक क्लिक, ट्रिगर पूर्ण ओढून दुसरी, पूर्ण ब्रेक ढकलून तिसरी. मोटर एक, दोन, तीन बीप देते. तुमच्या बॉक्समधल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद खरा, मी नाही. घुंडी ७० वर राहिली तर ईएससी त्या ७० लाच पूर्ण थ्रॉटल समजतो आणि नंतर घुंडी १०० वर नेली की ट्रिगरचा शेवटचा भाग नुसता शोभेचा उरतो. फुटाबाचा रिमोट असेल तर आधी थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करावा लागतो.

आता माझं दुखणं.

माझी पहिली गाडी सेन्सरलेस होती, म्हणजे मोटरमध्ये तिची स्थिती सांगणारे सेन्सर नव्हते. मोटर उलटी फिरली की तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, हे मला एका काकांनी मैदानात शिकवलं होतं. काका या छंदात माझ्या जन्माआधीपासून आहेत आणि सेन्सरलेसपुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मग मी सेन्सर्ड मोटर आणि नवीन चॅसिस घेतलं. या चॅसिसमध्ये मोटरचं तोंड उलट्या बाजूला. मी शहाणा! गाडी मागे जाणार हे आधीच ताडून मी सोल्डर करतानाच पहिली आणि तिसरी वायर अदलाबदल करून टाकली. म्हणजे ती जोडणी सरळ असताना कशी चालते, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ट्रिगर हलवला. मोटर एक झटका देऊन जागच्या जागी थरथरायला लागली. मिनिटभरात ईएससीचा पंखा सुरू, हीटसिंक चटका देण्याइतकं गरम, आणि मग ईएससीने स्वतःच मोटर बंद केली. ओव्हरहीट प्रोटेक्शन नसतं तर हा लेख आणखी महाग पडला असता.

सहा वेळा कॅलिब्रेशन केलं. मग एकदा चाचपताना सेन्सरची केबल निसटली आणि मोटर लोण्यासारखी फिरायला लागली. दिशासुद्धा मला हवी तीच! झालं, केबलच खराब. पुण्यात तापकीर गल्लीत तीन दुकानं पालथी घातली, तिथे दीड मिलिमीटर पिचचा सहा पिनांचा तो कनेक्टर मिळाला नाही, शेवटी ऑनलाइन दोन केबली मागवल्या. तेच. मग मोटरमधला हॉल सेन्सर (चुंबकावरून फिरत्या भागाची जागा ओळखणारा) गेला असणार. २,८०० रुपयांची नवी मोटर घेतली आणि चूक होऊ नये म्हणून जुन्या मोटरच्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून क्रम तसाच्या तसा उतरवला. तसाच्या तसा!

हे का झालं ते नीट सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नाही. सेन्सरलेसमध्ये ईएससी रोटरची, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाची, जागा ओळखतो ती मोटर फिरताना तिच्यात उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून. थांबलेल्या मोटरमध्ये ते व्होल्टेजच नाही, म्हणून सुटताना गाडी थोडी अडखळते. फेजचा, म्हणजे त्या तीन जाड वायरींचा, क्रम काहीही असो, तो अंदाज घेत जुळवून घेतो. सेन्सर्डमध्ये मोटरच्या मागच्या झाकणाखाली तीन हॉल सेन्सर बसलेले असतात. ए, बी, सी या प्रत्येक फेजचा एकेक. ते ईएससीला सांगतात की रोटर आत्ता इथे आहे, आणि ईएससी त्यानुसार पुढच्या फेजमध्ये करंट सोडतो. मी जाड वायरी उलटवल्या, पण सेन्सरचा कनेक्टर खाचेमुळे एकाच बाजूने बसतो, तो होता तसाच राहिला. सेन्सर एका दिशेने बोलतायत, करंट दुसऱ्या दिशेने ओढतोय. रोटर मध्ये अडकला, आणि सगळा करंट उष्णता झाला. केबल काढली की ईएससी सेन्सरलेस झाला (बरेच होतात, काही रेसिंगचे होत नाहीत) आणि उलटा क्रम चालून गेला.

तेव्हा सेन्सर्ड असेल तर ए ला ए, बी ला बी, सी ला सी. कोणीही सांगो, कितीही वर्षांचा अनुभव असो. दिशा बदलायची ती ईएससीच्या सेटिंगमध्ये, मोटर रोटेशन नावाच्या पर्यायात. प्रोग्राम कार्ड (ईएससीची सेटिंग बदलायचं छोटं यंत्र) असेल तर दहा सेकंदांचं काम. रिमोटवर थ्रॉटल रिव्हर्स करून दिशा ‘सुधारणारे’ही भेटतील. गाडी पुढे जाते खरी, पण ईएससीच्या लेखी ती रिव्हर्समध्ये असते, ताकद निम्मी किंवा त्याहून कमी, आणि ब्रेकचा बट्ट्याबोळ.

मला हे कळलं ते मोटर परत पाठवायला वायरी काढताना. टर्मिनलवर सोल्डरिंगच्या रोझिनचा तपकिरी थर बसला होता. जुना टूथब्रश सॅनिटायझरमध्ये बुडवून घासला, तर खालून कोरलेलं ‘ए’ वर आलं आणि त्यावर माझी नारिंगी वायर. ईएससीवर नारिंगीपाशी सी. मी पाचेक मिनिटं नुसता खुर्चीवर बसून होतो. वायरींच्या रंगांवर भरवसा नको, कंपनीगणिक बदलतात. अक्षर वाचा, आणि सोल्डर करण्याआधी वाचा.

तुमची मोटर थरथरत असेल तर लगेच ईएससी जळला असं धरू नका. वायरींचा क्रम बरोबर असेल तर सोल्डर बघा. बारा गेजच्या वायरीला पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, जोड वरून चमकतो आणि आत कोरडा राहतो. वायर हलकेच ओढून बघा. तीनपैकी एक फेज सुटलेली असली तरी मोटर अशीच थरथरते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी हे पाळलं असतं तर २,८०० वाचले असते.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला ईएससी मोटर थांबवतो तो आकडा, तपासा, विसरू नका. ईएससी निमएच (निकेल-मेटल हायड्राइड) बॅटरीच्या सेटिंगवर राहिला आणि त्यात कटऑफ बंद असला, तर बॅटरी तळापर्यंत पिळली जाते आणि उशीसारखी फुगते. मी सेलला ३.२ व्होल्ट ठेवतो.

हे सगळं जुळलं की पिनियन चढवा, सोबत आलेलाच, जास्त दातांचा नको. पहिली बॅटरी दोन मिनिटं चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर बघा. एप्रिलच्या दुपारी आमच्या मैदानात ती उभ्या उभ्याच पंचेचाळीस अंश दाखवते. माझी मर्यादा पंचाहत्तर. त्यापुढे गेली तर एक दात कमी असलेला पिनियन लावतो आणि तोवर बॉनेट काढून सावलीत ठेवतो. त्या जादा केबली ड्रॉवरमध्ये आहेत, दोन्ही चालू आहेत.